शेवटचा अंतरा गाळू नका

(वर्ध्यात तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मी भाषणवाला नाही, गाणारा आहे. पेटी, खंजिरी आणि मी, एवढीच आमची पार्टी. कोरस नाही, ढोलकीवाला नाही. कारण सरळ आहे. मिळणाऱ्या मानधनात दोन माणसांचं एस.टी.भाडंसुद्धा सुटत नाही. म्हणून एकटा फिरतो. आज तुमच्यापुढं एक गुन्हा कबूल करायला उभा आहे.

वर्धा म्हटलं की पुस्तकवाल्यांना चरखा आठवतो. १९२८ साली इथलं लक्ष्मीनारायण मंदिर आपल्या लोकांना उघडलं, ते कौतुक अजून भाषणात ऐकवतात. ऐकवू द्या. पण १९९३ साली याच वर्ध्यात आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, त्याचा अध्यक्ष कोण होता? वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस. शाळेनं ज्याला अक्षर दिलं नाही, ज्यानं मोठेपणी मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षर कमावलं, १९४३ साली हिंदी गाण्याच्या चालीवर पहिलं विडंबन रचलं, आणि पुढं सहा दशकं गावोगाव गात हिंडला. त्या वर्षी वर्ध्यातल्या अध्यक्षाच्या खुर्चीत एक फिरस्ता बसला होता. हे आपल्या पोरांना कोण सांगणार?

आमचा हंगाम १४ एप्रिलपासून. बुद्धपौर्णिमा संपेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. आज देवळी, उद्या आर्वी, परवा हिंगणघाट, समुद्रपूर. पेटी मांडीवर घेऊन शेवटची गाडी पकडायची. गाडी चुकली तर फाट्यावर रात्र काढायची. कुणाच्या तरी घरी भाकर मिळते, ती मात्र कधी चुकली नाही. पाऊस लागला, माणसं सोयाबीन-कपाशीत गुंतली की गाणं बंद आणि पोटही बंद. मग आश्विनात दीक्षाभूमी, मग ६ डिसेंबर. पूर्वी कव्वालीचा मुकाबला रात्रभर चालायचा. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळं, ठरावीक दिवस सोडले तर, रात्री दहाला भोंगा बंद. पहिली दीड घंटा पुढारी खातात. गाणाऱ्याला उरते अर्धी घंटा. मग आम्ही काय करतो? गाणं कापतो.

पुलगावकडच्या एका गावात मी वामनदादांचं गाणं म्हणलं. टाळ्या पडल्या. पुढं बसलेली एक म्हातारी उठली, हात वर करून म्हणाली, "बाबू, वामनदादाचं नाव काऊन गाळलं रे?"

मला कळेचना. तिनं शेवटचा अंतरा तोंडपाठ म्हणून दाखवला. त्यात वामन होता. मला तो अंतराच माहीत नव्हता! मी गाणं शिकलो होतो मोबाईलवरून. ज्यानं ते रेकॉर्ड केलं त्यानं शेवट कापला होता. म्हातारीला अक्षर येत नव्हतं, पण गाणं कुणाचं ते तिला ठाऊक होतं. मी शिकलेला, मलाच ठाऊक नव्हतं.

दोस्तहो, आपल्या शाहिरांची नाममुद्रा शेवटच्या अंतऱ्यात असते. ती कवीची सही आहे. ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा नाही, त्यानं गाण्यावर आपलं नाव लिहिलं. वामनदादांनी हजारो गाणी रचली. कितीतरी गायकांच्या वह्यांत लिहून दिली आणि पुढच्या गावी निघून गेले. संग्रह निघाले, 'वाटचाल' १९७३ साली, 'मोहळ' १९७६ साली. पण जे छापलं नाही ते कुठं आहे? लोकांच्या गळ्यात. आणि गळ्यातल्या गाण्याची मालकी सांगणारा एकच कागद, तो शेवटचा अंतरा. तो कापला की गाणं बेवारस. बेवारस मालावर कुणीही हात मारतो.

कापणारे कोण? आधी तबकडी आली. एका बाजूला सुमारे तीनच मिनिटं. मग कॅसेटवाले आले. एका कॅसेटवाल्यानं माझ्याही हातावर एकदाच पैसे ठेवले, कोऱ्या कागदावर सही घेतली, आणि कव्हरवर नाव टाकलं दुसऱ्याचंच. तेव्हा मी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

आता मी घरीच रेकॉर्ड करतो. घर म्हणजे एक खोली, वर टिन. कूलर लावला तर घरघर येते, बंद केला तर घाम पेटीवर टपकतो. म्हणून रात्री दोनला बसतो. भिंतीला, दाराला आईच्या गोधड्या टांगतो. टिनावरून परतणारा आवाज गोधडी पिऊन टाकते. आधी पेटी भरायची, मग ती कानात ऐकत खंजिरी, मग गळा, मग माझाच कोरस. एकटाच चारजण! वर्धा जंक्शनची मालगाडी ओरडली की पुन्हा पहिल्यापासून. मालक नाही, दलाल नाही. यंत्र आपल्या हातात आलं, मला वाटलं मी सुटलो.

त्या रात्री पुलगावहून परतलो आणि घरी केलेली माझी रेकॉर्डिंगं काढून ऐकली. साडेतीन मिनिटांपुढं लोक ऐकत नाहीत म्हणून मीही शेवट कापला होता. एका नाही, सात गाण्यांत. मालक नव्हता, दलाल नव्हता. गोधड्यांच्या आत बसलेला चोर मीच होतो.

कायदा आपल्या बाजूनं आहे, तोही समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकला तरी रचना माझी आहे हे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडंच राहतो. वामनदादा १५ मे २००४ ला गेले. लेखक गेल्यावर साठ वर्षं त्याचा हक्क चालतो, म्हणजे २०६४ संपेपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा आणखी पक्का केला. पण नावच उडालं तर वाटा मागणार कोणाच्या नावानं?

विलास घोगरे आठवा. मुलुंडच्या झोपडपट्टीतला शाहीर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी दहाजण मारले. १५ जुलैला विलासनं गळफास घेतला. १९८५ च्या 'हमारा शहर' चित्रपटात त्याचा आवाज भरलेला आहे, म्हणून आज तो ऐकू येतो, आणि त्याच्या नावानिशी ऐकू येतो. वस्तीवस्तीतले असे कितीतरी आवाज कुणी भरलेच नाहीत. ते माणसाबरोबर गेले.

म्हणून तुम्हाला घोषणा देत नाही, काम देतो. तुमच्या हातात मोबाईल आहे. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक वस्तीत अशी एक म्हातारी आहे. तिच्यापुढं बसा. गाणं पुरतं भरा, मिनिटं मोजू नका. तिचं नाव, गाव, तारीख तिच्याच आवाजात घ्या, तिला विचारून घ्या. गाणं कोणाचं ते तिलाच सांगू द्या.

ती सात गाणी मी पुन्हा भरतोय. एका गाण्याचा शेवट अजून सापडला नाही. तुमच्यापैकी कोणाच्या आजीला येत असेल तर मला हाक मारा. मी पेटी घेऊन येतो, गोधडी तिच्या घरची चालेल.

जयभीम!