टोचल्याएवढी जखम
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



अपघात विभागाचे आकडे अहवालात दिलेले आहेतच. आज आम्ही केवळ एका बोटाविषयी बोलणार आहोत.

एक तरुण रंगारी सायंकाळी आमच्याकडे आला. एअरलेस स्प्रे गनचे तुंबलेले नोझल पुसताना चाप दाबला गेला आणि फवारा डाव्या तर्जनीत शिरला. सुईने टोचल्याएवढी खूण, वेदनाही बेताचीच. सकाळी एका दवाखान्यात मलमपट्टी करून त्यास परत पाठविण्यात आले होते. आमच्याकडे पोहोचेपर्यंत बोट सुजून, पांढुरके पडून बधिर झाले होते.

या यंत्रातून रंग प्रति चौरस इंच ३,००० पौंड वा त्याहूनही अधिक दाबाने बाहेर पडू शकतो; मोटारीच्या चाकात तो दाब ३० पौंडांच्या आसपास असतो. असा फवारा त्वचा भेदतो. रंग आणि थिनर कंडरांच्या आवरणातून तळहाताकडे पसरतात, रक्तपुरवठा खुंटतो व पेशी मरू लागतात. डिझेलच्या फवाऱ्याने झालेल्या अशाच इजेची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १९३७ सालची आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ४३५ रुग्णांच्या आढाव्यात सुमारे ३० टक्के रुग्णांवर अवयवविच्छेदनाची वेळ आली होती. थिनरसारखे द्रावक शिरले असता सहा तासांच्या आत बोट उघडून ते स्वच्छ केल्यास बोट वाचण्याची शक्यता वाढते.

त्या तरुणावर त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, दोन दिवसांनी पुन्हा करावी लागली. हात वाचला, बोटाचे अग्र मात्र आम्ही वाचवू शकलो नाही. वाया गेलेल्या त्या तासांची खंत आम्हांस आहे.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. नोझलला हात लावण्यापूर्वी यंत्र बंद करून आतील दाब सोडावा व चापाचा खटका लावावा. हातमोज्यावर विसंबू नये. तो हा फवारा अडवीत नाही. इजा झालीच, तर जखम कितीही क्षुल्लक दिसो, बर्फ न लावता, हात उंच धरून, हाताच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय त्वरित गाठावे. रंगाचा डबा वा त्यावरील लेबल सोबत आणावे आणि ‘फवारा आत शिरला आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

देणगीदारहो, अवेळी आलेल्या श्रमिकासाठी शस्त्रक्रियागृहाचा दिवा लागतो, तो आपल्या दातृत्वामुळे. तो दिवा लागण्याआधीचे तास वाचविणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.