आर्किटेक्ट ते बिल्डर: आधी काय तपासाल?

कराड-मलकापूर परिसरात महामार्गालगत इमारती उभ्या राहताना पाहून एखाद्या आर्किटेक्टला वाटतं, इतरांचे नकाशे काढण्यापेक्षा आपणच का बांधू नये? अमेरिकेत जॉन पोर्टमन यांनी अटलांटा शहरात हेच केलं. मात्र आर्किटेक्टला फी मिळते. बिल्डरचं भांडवल जमिनीत अडकतं आणि व्याज चालूच राहतं.

म्हणून जमीन घेण्याआधी सातबारा, फेरफार आणि जमिनीच्या अकृषिक वापराची स्थिती पाहा. कृष्णा-कोयनेच्या काठी निळी आणि लाल पूररेषाही तपासा.

जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका 8 पेक्षा अधिक असतील, तर जाहिरातीपूर्वीच महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदणी हवी. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. हे पैसे काम होईल त्या प्रमाणात, आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्या दाखल्यांवरच काढता येतात. ताबा दिल्यानंतरही 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरचीच.

तेव्हा आर्किटेक्ट मित्रांनो, स्वतःच्या प्रकल्पाचे दाखले दुसऱ्या, स्वतंत्र आर्किटेक्टकडून घ्या. ग्राहकांनो, बुकिंगआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक जरूर पाहा.