फळा न दिसणारे मूल
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत मुरबाड व शहापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



मुलांच्या डोळ्यांची निगा या विषयावर मी चार शब्द बोलावे अशी आपण आज्ञा केलीत. मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. म्हणून शिक्षकाच्या हातून जे होण्यासारखे आहे तेवढेच सांगणार आहे. आणि प्रारंभ माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने करणार आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका पाड्यावरील शाळेत होतो. तिसरीच्या वर्गातील एक मुलगी शेवटच्या ओळीत बसे. फळ्यावरील उदाहरणे ती हमखास चुकीची उतरवून घेई. ५ चा ४ करी, १ चा ९ करी. तोंडी हिशेब विचारला तर मात्र उत्तर चटकन देई. तरीही मी तिला निष्काळजी ठरविले आणि अनेकदा रागेही भरलो. पुढे एकदा पावसात छप्पर गळू लागले म्हणून सर्व मुलांना फळ्याशी गोळा करून बसविले. त्या दिवशी तिने एकही चूक केली नाही. दोष तिच्या लक्षात नव्हता, नजरेत होता; आणि तो ओळखण्यास मला दोन वर्षे लागली. तिला चष्मा मिळाला, परंतु ती दोन वर्षे मला तिला परत देता आली नाहीत.

आपण म्हणाल, तिने सांगितले का नाही? जे मूल पहिल्यापासून अंधुक पाहते, त्याला अंधुक म्हणजे काय हे ठाऊकच नसते. सर्वांना असेच दिसत असावे असे ते धरून चालते. आईबाप दिवसभर शेतावर वा मजुरीवर. त्यांना मूल चालता-बोलताना दिसते, वाचताना क्वचितच दिसते. म्हणून ज्याच्यासमोर ते मूल दररोज दूरचे वाचावयास बसते, असा माणूस एकच, आणि तो म्हणजे शिक्षक. मुलाच्या डोळ्यांतील दोष प्रथम आपल्या डोळ्यांना दिसला पाहिजे, हेच आजच्या माझ्या बोलण्याचे सार आहे.

याची लक्षणे साधी आहेत. मूल फळ्याकडे पाहताना डोळे बारीक करते, मान तिरपी करते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, पुस्तक नाकाशी धरते, डोके दुखते म्हणते किंवा डोळे वारंवार चोळते. तिरळेपणा तर पाहताक्षणीच कळतो. तो शुभशकुन मानून हसण्यावारी नेऊ नये. तिरळ्या अथवा दुर्बळ डोळ्याचा उपयोग मेंदू हळूहळू सोडून देतो, आणि तो डोळा आळशी होतो. वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास सर्वांत चांगला गुण येतो. पुढे तो कठीण होत जातो. म्हणजेच पहिली-दुसरीचे वर्ष हातचे घालवून चालणार नाही.

तपासणीसाठी ‘ई’ आकाराचा तक्ता पुरेसा आहे. नजर मोजण्याचा अक्षरतक्ता डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी पुढे तीन दातांच्या फणीसारखा हा आकार वापरात आला. शाळेच्या ओटीवर दोरीने मोजून सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट अंतर घ्यावे. उजेड तक्त्यावर पडावा, मुलाच्या डोळ्यांवर नव्हे. मुलाने तळहाताने एक डोळा झाकावा, दाबू नये. आणि फणीचे दात कोणत्या दिशेला आहेत ते हाताने दाखवावे. नंतर दुसरा डोळा तपासावा. दोन्ही डोळे एकदम तपासल्यास चांगला डोळा वाईटाचे उणे झाकून टाकतो. जे मूल चुकेल त्यास नंबर देणे आपले काम नव्हे. त्याचे नाव लिहून आरोग्य पथकाकडे देणे एवढेच आपले काम.

येथे एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशातील आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला, आणि पालघर त्या वेळी आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाची पथके वर्षातून एकदा शाळेत येतात. पथक येईल त्या दिवशी आपली यादी तयार असावी. दिवाळीनंतर जी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, त्यांची मुले नेमकी तपासणीच्या दिवशी गैरहजर असतात. त्यांची तपासणी दिवाळीपूर्वीच आपण करून ठेवावी, आणि स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देताना आढळलेला दोष वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावा.

आता आहाराकडे वळतो. प्रथम एक गैरसमज दूर करू. कोणत्याही भाजीने चष्म्याचा नंबर जात नाही. ज्याला चष्मा हवा त्याला चष्माच दिला पाहिजे. आहाराने जे टळते ते दुसरे संकट, रातांधळेपणा. अंधुक उजेडात पाहण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला जे द्रव्य लागते, ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनते. ते कमी पडले की मूल तिन्हीसांजेला ठेचकाळते, अंगणात खेळावयास जात नाही, ताटातील भाकर चाचपडून घेते. पुढे बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसू लागतो. तरीही दुर्लक्ष झाले तर बुबुळ कोरडे पडून विरघळते आणि दृष्टी कायमची जाते. गोवरानंतर हा धोका विशेष असतो. मूल आपणांस केवळ दिवसा दिसते. म्हणून ‘संध्याकाळी याला नीट दिसते का?’ हा प्रश्न त्याच्या आईलाच विचारला पाहिजे. दिसत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

या रोगाविरुद्ध देशात १९७० पासून ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देण्याची योजना आहे. नवव्या महिन्यात १ लाख एकक, नंतर दर सहा महिन्यांनी २ लाख एकक, असे पाचव्या वर्षापर्यंत एकूण नऊ डोस बालकाला मिळावयास हवेत. अंगणवाडीताईंशी बोलून आपल्या शाळेत येऊ घातलेल्या मुलांचे डोस पुरे झाले आहेत का ते पाहावे.

परंतु डोस हा आधार आहे, अन्न नव्हे. डोळ्यांसाठी गाजर खावे असे पुस्तकात असते, आणि आपल्या पाड्यावर गाजर येत नाही. येथे त्याची उणीव भासण्याचे कारणही नाही. शेवग्याच्या पाल्यात गाजरापेक्षा अधिक कॅरोटीन असते, आणि त्यापासूनच शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनविते. शेंगा बाजारात जातात आणि पाला मात्र कोणी खुडत नाही! पावसाळ्यात टाकळा, कुरडू, माठ, अळू. पुढे लाल भोपळा. उन्हाळ्यात रायवळ आंबा आणि पिकलेली पपई. पान जितके गडद हिरवे आणि गर जितका पिवळा-केशरी, तितके ते डोळ्यांस हितकर, ही खूण मुलांस पाठ करवावी. अंडे, दूध व कलेजी यांत हे जीवनसत्त्व तयारच मिळते. भाजीत थोडे तेल हवेच, कारण तेलावाचून कॅरोटीन अंगी लागत नाही. आपल्याकडील खुरासणीचे तेलही चालेल. भाजी झाकण ठेवून बेताची शिजवावी. पाला वाळवावयाचा तर सावलीत वाळवावा, उन्हात त्याचा गुण जातो. शाळेच्या परसबागेत शेवग्याची दोन झाडे आणि पपईची चार झाडे असली, तर शालेय पोषण आहाराच्या आमटीत मूठभर पाला बारा महिने पडेल.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. जुन्या पिढीत खुपऱ्यांनी अनेकांची दृष्टी नेली. आज तो रोग भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. ही जीत औषधाइतकीच पाण्याची व धुतलेल्या तोंडाची आहे. ज्या शहापुरातून मुंबईस पाणी जाते, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे मी जाणतो. तरीही तोंड धुण्यास एक तांब्या पुरतो. डोळे आलेले मूल बरे होईपर्यंत घरी राहावे, त्याचा पंचा वेगळा असावा, आणि दुसऱ्याचे उरलेले थेंब त्याच्या डोळ्यांत घालू नयेत. एकाच बोटाने सर्व भावंडांना काजळ घालण्याची चालही सोडावी.

चौथी गोष्ट उजेडाची. चीनमधील ग्वांगजौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवण्याचा प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना दूरचे अंधुक दिसू लागले, तर इतर मुलांपैकी ३९.५ टक्क्यांना. मैदानाचा तास कापून गणित घेणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे. आता मोबाईल पाड्यापर्यंत पोहोचला आहे. मुलाने तो अंधारात, डोळ्यांशी धरून पाहू नये, एवढे पालकांस सांगत राहावे.

शेवटी इजांविषयी. गलोल, विटी, झोडणीच्या वेळी उडणारे भाताचे कुसळ आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी, हे आपल्याकडील डोळ्यांचे वैरी. चुना गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. कुसळ अथवा काटा लागल्यास डोळा चोळू नये. पाल्याचा रस, लोणी, मध असे काहीही घालू नये.

बंधुभगिनींनो, मी आपणांकडे नवे ओझे मागत नाही. एक दोरी, एक तक्ता आणि एक दुपार मागतो. उद्या शाळा भरल्यावर शेवटच्या ओळीतील त्या मुलाकडे एकवार पाहा, ज्याला आपण मठ्ठ म्हणून सोडून दिले आहे. त्याला पुढे बोलवा, आणि फळ्याजवळ उभे करून तोच प्रश्न पुन्हा विचारा. कदाचित उत्तर त्याच्यापाशी कधीचेच असेल. प्रश्न तेवढा दिसत नसेल.