इंग्रजी शब्द : व्याख्या आणि वाक्य



सन २००० पासून आपल्या राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत त्यामुळे एक विशेष प्रश्न उभा राहतो. भामरागड-एटापल्लीकडील अनेक बालकांची घरची भाषा माडिया; मराठीदेखील त्यांना शाळेत येऊनच शिकावयाची असते. अशा मुलास ‘बास्केट म्हणजे टोपली’ एवढेच घोकावयास लावले, तर एका अपरिचित शब्दाच्या जागी दुसरा अपरिचित शब्द येतो. मूल गप्प बसते. आणि गप्प बसलेले मूल हळूहळू शाळेपासून दुरावते.

म्हणून प्रथम टोपली वर्गात आणावी. तिला घरी काय म्हणतात ते मुलांकडूनच वदवून घ्यावे. मग मराठी शब्द सांगावा व त्यानंतर इंग्रजी. घरच्या शब्दाला मान मिळाला की मुलाची भीड चेपते.

व्याख्या त्यानंतर यावी. लक्षणाचे दोष आपल्या न्यायशास्त्राने पूर्वीच सांगितले आहेत. ‘वस्तू ठेवण्याचे साधन’ म्हटले, तर मडके व पेटीही त्यात येतात, ही अतिव्याप्ती. ‘मोहफुले वेचण्याचे साधन’ म्हटले, तर बाजारातील भाजीची टोपली बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘वस्तू ठेवण्यासाठी वा नेण्यासाठी विणून केलेले साधन’ एवढे आपल्या वर्गापुरते पुरेसे आहे. व्याख्येतील शब्द मूळ शब्दाहून सोपे हवेत. ढाक्यास शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ च्या आपल्या इंग्रजी कोशात सर्व अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले, ते याच हेतूने.

आता सरावाचे वाक्य. ‘धिस इज अ बास्केट’ या वाक्यात बास्केटच्या जागी कोणतीही वस्तू चालेल. त्यावरून अर्थ उमगत नाही. ‘मदर कॅरीज मोह फ्लॉवर्स इन अ बास्केट’ या वाक्यातील शेवटचा शब्द झाकला, तरी मोह वेचावयास गेलेले मूल तो ओळखील. वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी ही कसोटी अवश्य लावावी. बल्लारपूरच्या कागद गिरणीचे नाव ऐकलेल्या मुलास ‘पेपर इज मेड फ्रॉम बांबू’ हे वाक्यही परके वाटणार नाही. ‘बांबू’ इंग्रजीतही बांबूच आहे आणि ‘जंगल’ हा शब्द तर इंग्रजांनी आपल्याच देशातून नेला, हे मुलांना आवर्जून सांगावे.

शब्द आला असे केव्हा म्हणावे? व्याख्या पाठ झाली म्हणजे नव्हे. फळ्यावर नसलेले, स्वतःचे वाक्य मुलाने उच्चारले म्हणजे. आठवड्यास वीस शब्द घोकविण्याऐवजी पाचच घ्यावेत आणि प्रत्येक मुलाकडून प्रत्येक शब्दाचे एक नवे वाक्य ऐकावे. त्यात व्याकरणाची चूक झाली तर ती मागाहून सुधारता येईल. मूल बोलते झाले पाहिजे, हे आधी.