शनवार तेल्यांची शाळा
(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग शिकलो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. जुन्या नाशकात प्रौढांसाठी वर्ग सुरू करावा, धर्मग्रंथ मराठीतून समजून घ्यावा आणि सोबत अरबी-उर्दूही शिकावी, असा प्रस्ताव आज आपल्यापुढे आहे. त्याच्या बाजूने बोलायला मी उभा आहे.

सुरुवात घरापासून करतो. अब्बांच्या निधनानंतर कागदपत्रं चाळताना अम्मीचा निकाहनामा सापडला. तिने विचारलं, "बेटा, माझा मेहेर किती लिहिलाय रे यात?" कागद हाताने लिहिलेल्या उर्दूत. तिला वाचता येईना, मलाही येईना. लहानपणी मी कुरआन नाजरा पूर्ण केला होता. पण अक्षरं उच्चारणं वेगळं आणि मजकूर समजणं वेगळं. शेवटी गल्लीतल्या चाचांनी वाचून दाखवला. तिच्या हक्काचा कागद चाळीस वर्षं तिच्याच ट्रंकेत पडून होता.

"आता शिकायचं वय राहिलंय का?" असं अम्मी म्हणाली, तेव्हा मला बेने इस्रायली आठवले. हे आपले कोकणातले मराठी ज्यू. धंदा तेल गाळण्याचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शेमा' ही प्रार्थना एवढं त्यांनी जपलं होतं. हिब्रू भाषा आणि ग्रंथ मात्र विसरले होते. त्यांची परंपरा सांगते की डेव्हिड राहाबी नावाच्या गृहस्थाने त्यांना ओळखलं आणि तिघांना शिकवून तयार केलं. या शिकवणाऱ्यांना समाज काय म्हणू लागला? काजी! 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. त्यालाही लोक मशीदच म्हणत.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे ज्यू शिक्षक आले, तसेच मिशनरीही आले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. पण बेने इस्रायलींनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. ग्रंथाचा अर्थ कळला की ईमान डळमळतं, असं आपल्याला सांगणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पुढचं काम त्यांनी स्वतः केलं. वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचायची 'हगादा' 1846 मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठीत छापून निघाली. 1874 च्या पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका सणाच्या भाकरी करताना दिसतात. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली.

पण शाळेचं वय उलटलेल्यांचं, वाचता न येणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी 1880 च्या सुमारास बेने इस्रायली कीर्तन उभं राहिलं. साज मराठी कीर्तनाचा आणि आख्यान अब्राहम, योसेफ, मोशे यांचं. म्हणजे आपलेच इब्राहिम, यूसुफ, मूसा!

1948 नंतर बरेच जण इस्रायलला गेले. तिथे नव्याने आलेल्या प्रौढांना हिब्रू शिकवणारे 'उल्पान' नावाचे वर्ग असतात. पहिला 1949 मध्ये जेरुसलेममध्ये निघाला. पोराबाळांची माणसं पुन्हा बाकावर बसून अक्षरं गिरवू लागली. आणि मराठी सोडली का? नाही. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं.

कुणी म्हणेल, ज्यूंचं उदाहरण कशाला? इस्रायल सरकारच्या धोरणांबद्दल माझी मतं कडक आहेत. पण अलिबागच्या शनवार तेल्याने त्या सरकारचा हिशेब का द्यावा? नाशिकच्या मुसलमानाकडे कुणी दुसऱ्या देशाचा हिशेब मागितला, तर आपल्याला राग येतोच ना?

माझ्या तीन सूचना आहेत. वर्ग रविवारी दुपारी असावा, म्हणजे कामाला जाणाऱ्यांना आणि घरातल्या बायकांना येता येईल. अर्थ आधी मराठीत सांगावा, अक्षरं मागून येतील. आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही प्रश्न विचारायचा तितकाच हक्क असावा.

आमच्या कामात एक सवय असते. दुसऱ्याने लिहिलेला कोड न समजता उचलायचा. चालतोय तोवर कुणी विचारत नाही. एक दिवस तो बंद पडतो आणि दुरुस्त करायला कुणालाच येत नाही. आपण धर्माचं असंच करून ठेवलंय, असं मला वाटतं.

वर्गासाठी पहिलं नाव माझ्या अम्मीने दिलं आहे, वय 63. तिची अट एकच आहे: पहिला धडा निकाहनाम्याचा घ्यायचा. दुसरं नाव माझं लिहून घ्या.