गणवेश शिवताना माया ठेवा

जिल्हा परिषदेच्या शाळांत आठवीपर्यंत गणवेश मोफत मिळतो. नववी-दहावीला खर्च घरावर येतो, आणि नेमकी तेव्हाच मुलं झपाट्यानं उंच होतात. म्हणून शिंप्याला पँट-सलवारीच्या तळाशी दोन-तीन इंच माया ठेवायला सांगा.

साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुलं एका वसतिगृहात आणली. गणवेशामागचा समानतेचा विचार हाच, आणि त्याला कोरं कापड लागत नाही. थोरल्याचा धड जोड धाकट्यानं खुशाल घालावा.

महाबळेश्वर, पाटणच्या पावसात कपडे वाळतच नाहीत. तिथं ओल्या गणवेशापेक्षा घरचा कोरडा सदरा बरा. जत, आटपाडीच्या उन्हात सुती कापडच सोसतं. शाळांनी एवढी मोकळीक द्यायलाच हवी. आणि पालकांनो, दुकानात जाण्याआधी दहावी झालेल्या मुलांच्या घरी जुना गणवेश आहे का, विचारून बघा.