संस्थेतील मुले : दाखल्यापलीकडचा प्रश्न



चऱ्होलीच्या शेजारीच आळंदी आहे. तेराव्या शतकात याच इंद्रायणीकाठी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या पोरक्या भावंडांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत टाकण्यात आले आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणची वाट धरावी लागली, असे परंपरा सांगते. अपराध मुलांचा नव्हता. दाखला मात्र मुलांनाच आणावा लागला.

बालगृहात वाढणाऱ्या मुलांच्या वाट्याला हा अनुभव आजही येतो. वर्गात काही हरवले की प्रथम ‘संस्थेच्या’ मुलाचे दप्तर तपासले जाते. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम मागताना कायमचा पत्ता विचारला जातो आणि भाड्याच्या खोलीसाठी ओळखीचा माणूस लागतो. तो कोठून आणावा?

कायदा या मुलांच्या बाजूने उभा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ ने भेदभावास आणि कलंक लावणाऱ्या शब्दांस मनाई केली आहे; कलम ४६ ने संस्थेबाहेर पडणाऱ्या तरुणांसाठी आर्थिक साहाय्याची तरतूद केली आहे. महाराष्ट्र शासनाने २ एप्रिल २०१८ च्या निर्णयान्वये अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत १ टक्का आरक्षण दिले. तथापि बालगृहातील प्रत्येक मूल अनाथ नसते. कित्येकांची आई किंवा वडील हयात असतात. दारिद्र्य अथवा आजारपण त्यांना तेथे आणते. अशा मुलांना अनाथ प्रमाणपत्र मिळत नाही, परंतु अवहेलना सारखीच सोसावी लागते.

म्हणूनच दाखल्याने कचेरीचे दार उघडले, तरी शेजाऱ्याचे दार समाजानेच उघडावयाचे आहे. शिक्षकांनी मुलास त्याच्या नावानेच हाक मारावी आणि त्याची कौटुंबिक माहिती वर्गात उघड करू नये. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीने नियमित बैठका घ्याव्यात. नातेवाईक सांभाळ करण्यास तयार असतील, तर बालसंगोपन योजनेचे दरमहा २,२५० रुपयांचे साहाय्य त्यांच्यापर्यंत पोहोचवावे, म्हणजे मूल घरातच वाढेल. अधिकाऱ्यांनी संस्था सोडणाऱ्या तरुणाच्या हाती आधार, बँक खाते आणि शाळा सोडल्याचा दाखला वेळेवर द्यावा.

ज्या भावंडांना एके काळी वाळीत टाकले, त्यांच्या नावाने आज लक्षावधी वारकरी आळंदीस येतात. ही ओळख पटण्यास आजच्या मुलांच्या बाबतीत इतका काळ लागू नये.